मिनी ट्रॅक्टर घेताना: आधी फीत, मग अवजार, शोरूम शेवटी

दसऱ्याला ट्रॅक्टर दारात येतो, पूजा होते, पेढे वाटले जातात. छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की एकेक कळायला लागतं. ओळीच्या शेवटी तीनदा मागेपुढे केल्याशिवाय तो वळत नाही. ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र) भरला की पुढची चाकं हलकी होतात. ओल्या काळ्या रानात चार फुटी रोटर (माती फोडणारं फिरत्या पात्यांचं अवजार) लावला की इंजिन धापा टाकतं. यात ट्रॅक्टरचा दोष क्वचितच असतो. आपण आधी रंग आणि एचपी ठरवतो, मग अवजारं, आणि बाग मोजायचं राहूनच जातं.

हा लेख दोन ते आठ एकर द्राक्ष किंवा डाळिंब असलेल्यांसाठी, म्हणजे साधारण १५ ते ३० एचपीच्या ट्रॅक्टरबद्दल आहे. या गटात १५ एचपीला महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ आहेत, चोवीसच्या आसपास कुबोटा निओस्टार बी २४४१ आणि महिंद्रा जिवो २४५, अठ्ठावीसला जॉन डिअर ३०२८ ईएन. आणखीही आहेत. यातला चांगला कोणता, हे तुमची बाग मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

## टप्पा १: बाग मोजा, तीही भरलेली असताना

५० फुटी फीत, वही आणि सोबत एक माणूस घ्या. लागवड नऊ बाय पाचची आहे, एवढं पाठ असून भागत नाही. नऊ फूट हे खोडापासून खोडापर्यंतचं अंतर. ट्रॅक्टरला मिळणारी जागा वेगळी असते. ही चार मापं घ्या.

चाकाला मिळणारी सपाट जागा. दोन्ही बाजूंच्या बोदांच्या (खोडांच्या ओळीत चढवलेल्या मातीच्या वरंब्यांच्या) पायथ्यांमधलं अंतर मोजा. नऊ फुटी ओळीत बोद तीन फुटांचा असेल तर सपाट जागा सहा फूटच उरते. दरवर्षी शेणखत आणि माती ओढून बोद पसरत जातो, म्हणून तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा.

फुटींमधली रुंदी. फळछाटणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी काड्या बाहेर आलेल्या असतात. छातीच्या उंचीवर, पानापासून पानापर्यंत मोजा. खरड छाटणीनंतरच्या उघड्या बागेत ट्रॅक्टर सहज जातो. त्या दिवसांत बघून फसलेले बरेच आहेत.

उंची. मांडव असेल तर सर्वांत खालची तार किती उंच आहे ते बघा आणि घड लटकल्यावर खाली किती जागा उरते तेही लिहा. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाचं डोकं स्टिअरिंगपेक्षा बरंच वर असतं. सायलेन्सर उभा की आडवा, हे इथेच महत्त्वाचं ठरतं. उभ्या सायलेन्सरच्या धुराने वरची पानं भाजतात. आडवा करून मिळत असेल तर खरेदीच्या वेळीच मागा.

वळणाची जागा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. ओळ संपते तिथून बांधापर्यंत मोजू नका. ओळीच्या शेवटच्या अँगलला (लोखंडी खांबाला) बाहेरच्या बाजूने ताण दिलेला असतो, आणि त्याची तार जमिनीत चार-पाच फूट पुढे जाते. माप त्या ताणाच्या बाहेरच्या टोकापासून घ्या. आमच्या बागेत कागदावर पंधरा फूट होते, ताण सोडून साडेदहा निघाले. पहिल्या हंगामात दोन ताण तुटले, तेव्हा हा हिशेब शिकलो.

> तपासा: माहितीपत्रकातली वळणाची त्रिज्या बहुतेक वेळा एका बाजूचा ब्रेक दाबून आणि मागे अवजार नसताना मोजलेली असते. त्रिज्येची दुप्पट करा, त्यात मागच्या अवजाराची लांबी विचारात घ्या आणि बांधावर फक्कीने आखून बघा. जागा कमी पडत असेल तर एक ओळ सोडून पुढच्या ओळीत शिरायची सवय ठेवा. नऊ फुटांऐवजी अठरा फुटांचं वळण मिळतं.

## टप्पा २: वर्षभराची कामं तासांत लिहा

वहीचं पुढचं पान घ्या. प्रत्येक कामासमोर वर्षाला किती तास लागतात ते अंदाजाने लिहा: फवारणी, ओळीतलं तण, शेणखताची आणि मालाची वाहतूक, छाटणीच्या काड्यांचा चुरा, रस्ता सारखा करणं, खड्डे काढणं.

द्राक्षात हिशेब मांडला की जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत फवारणी पहिल्या नंबरवर येते, आणि बाकीच्या कामांना तिने खूप मागे टाकलेलं असतं. पाऊस लांबला तर एका आठवड्यात तीन-चार वेळा बाग फिरावी लागते. म्हणजे तुम्ही खरं तर ब्लोअर ओढणारं यंत्र घेताय, बाकीची कामं ते जोडीला करणार आहे. डाळिंबात फवारणीबरोबर तण आणि वाहतूक जवळ येतात. ओळी रुंद असतात, त्यामुळे रुंदीची चिंता कमी आणि काट्यांनी टायर फुटण्याची जास्त.

खोल नांगरट, नव्या लागवडीसाठी चर, मोठं सपाटीकरण ही कामं यादीतून काढा. तीन-चार वर्षांतून एकदा येणाऱ्या कामासाठी ५० एचपीचा ट्रॅक्टर किंवा जेसीबी भाड्याने मिळतो. त्या एका दिवसासाठी मोठा ट्रॅक्टर घेतला तर उरलेले दिवस तो बागेत अडकतो.

कोकणात किंवा मुळशी-मावळात फार्महाऊस असलेल्यांची यादी वेगळी निघेल. तिथे पावसाळ्यानंतरचं गवत आणि खचलेला रस्ता हीच मुख्य कामं. त्यांनी ब्लोअरच्या जागी स्लॅशर आणि मागचं ब्लेड धरून पुढचे टप्पे वाचावेत. उतार असेल तर टप्पा ४ दोनदा वाचावा.

## टप्पा ३: अवजार ठरवा आणि त्याला लागणारी ताकद काढा

एचपी दोन प्रकारे सांगितली जाते आणि गोंधळ तिथेच होतो. बॉनेटवर असते ती इंजिनाची एचपी. पीटीओपर्यंत (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या शाफ्टपर्यंत) पोचताना तिच्यातली साधारण १० ते १५ टक्के कमी होते. म्हणजे २४ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर वीस-एकवीस मिळतात. ब्लोअरवाला ‘१८ एचपी लागते’ म्हणतो तेव्हा एकच प्रश्न विचारा: पीटीओची की इंजिनाची? उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

ब्लोअरमध्ये ताकद पंप खात नाही, पंखा खातो. पंप मिनिटाला ६० लिटर आणि २० किलो प्रेशरने चालत असेल तर त्याला अडीच-तीन एचपी लागतात. उरलेली सगळी ओढ पंख्याची. म्हणून टाकी तीच ठेवून पंखा मोठा घेतला की ट्रॅक्टर कमी पडतो. विक्रेता बोलतो मात्र फक्त टाकीच्या लिटरबद्दल.

आता टाकीचा हिशेब. नऊ फुटी ओळ आणि ताशी ४ किलोमीटर वेग धरला तर एक एकर फिरायला वळणं सोडून साधारण २२ मिनिटं लागतात. एकरी ४०० लिटर पाणी पाडायचं असेल तर सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला १८ लिटर पडायला हवं. तुमची बाग चार एकर असेल आणि टाकी २०० लिटरची, तर आठ वेळा भरावी लागेल. टाकीचा आकार तुमच्या पाणी भरायच्या जागेपासून बाग किती लांब आहे यावर ठरतो. शेजाऱ्याच्या टाकीवर नाही.

ट्रॅक्टरला योग्य वेग मिळतो का, हेही बघा. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असताना ताशी ३ ते ५ किलोमीटरच्या दरम्यान किमान दोन गिअर हवेत. एकच गिअर असेल तर दाट पानांच्या वेळी वेग कमी करायला जागा राहत नाही, आणि रेस कमी केली की पंखाही मंदावतो.

> तपासा: १०० फूट मोजून दोन खुणा करा. पीटीओच्या फेऱ्या ५४० ठेवून ते अंतर कापायला लागलेला वेळ बघा. २७ सेकंद म्हणजे ताशी ४ किलोमीटर. त्याच वेळी इंजिनाच्या फेऱ्या मीटरवर वाचा. ५४० साठी इंजिन जवळजवळ पूर्ण रेसवर जात असेल तर डिझेलचा खर्च आणि कानाला होणारा त्रास रोजचा समजा.

रोटरचं गणित उलट्या बाजूने येतं. रोटर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या रुंदीइतका किंवा किंचित जास्त हवा, नाहीतर चाकांनी दाबलेले पट्टे तसेच राहतात. मिनी ट्रॅक्टरची रुंदी साधारण तीन ते साडेतीन फूट असते. पण १५ एचपीला काळ्या जमिनीत तीन फुटांच्या पुढचा रोटर जड जातो, चार फुटी रोटरला पंचविशीच्या जवळ ताकद हवी. या पेचात बरेच जण चार फुटी रोटर घेतात आणि तो वरवर फिरवतात. त्यापेक्षा चाकं आतल्या मापावर घ्यायची सोय असलेला ट्रॅक्टर आणि साडेतीन फुटी रोटर हे जोडपं जमतं. मुरमाड रानात चार फुटी चालेल.

## टप्पा ४: वजन. हा टप्पा सोडू नका

मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टची क्षमता ७५० किलो वाचली की ७०० किलोचं अवजार उचलेल, असं वाटतं. माहितीपत्रकातला आकडा अनेकदा खालच्या आर्मच्या टोकाशी मोजलेला असतो. प्रत्यक्षात ब्लोअरचं वजन त्या टोकाच्या दीड-दोन फूट मागे असतं. जितकं मागे, तितकी क्षमता कमी.

मागे उचलायच्या ४०० लिटरच्या ब्लोअरचा हिशेब करू. पाण्याचे ४०० किलो, लोखंड, पंखा, पंप मिळून आणखी दोन-अडीचशे. साडेसहाशे किलो एका टनाच्या आसपासच्या ट्रॅक्टरच्या मागे लटकतात. लिफ्टने उचललं तरी पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग फिरवलं तरी तो सरळच जातो, तेही नेमका ओळीच्या शेवटी, बांध समोर असताना.

ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहायला हवा. ट्रॅक्टर १,००० किलोचा असेल तर पुढे २०० किलो. हे मोजायला गावाजवळचा वजनकाटा पुरतो. भरलेला ब्लोअर उचलून धरा, फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, आकडा वाचा. मग पाणी अर्धं करून पुन्हा बघा. फरक डोळ्यांनी दिसतो.

आकडा कमी आला तर पुढे वजनं लावा किंवा लहान टाकी घ्या. मागच्या टायरमध्ये पाणी भरून हा प्रश्न सुटत नाही. त्याने मागची पकड वाढते, पुढचा भार तेवढाच राहतो. ही चूक इतकी सर्रास होते की काही ठिकाणी विक्रेतेच तो सल्ला देतात.

सहाशे लिटरच्या पुढे गेलात तर ओढायचा ब्लोअर घ्यावा लागतो. लिफ्टवरचा भार जातो, पण ढकलण्याचा येतो. हजार लिटरचा भरलेला ब्लोअर ट्रॅक्टरपेक्षा जड असतो. सपाट रानात ठीक. उतारावर ब्रेक मारला की तो मागून ट्रॅक्टरला रेटतो.

> सावध: उतारावर गिअर बदलू नका, न्यूट्रलमध्ये सोडू नका. ज्या गिअरमध्ये चढता येईल त्याच गिअरमध्ये उतरा. दोन्ही ब्रेकची पेडलं जोडणारी पट्टी रस्त्यावर आणि उतारावर लावलेलीच हवी. एका बाजूचा ब्रेक फक्त ओळीच्या शेवटी वळताना.

## टप्पा ५: फोर व्हील, टायर, चाकांचं माप

द्राक्षाला फोर व्हील घ्यावा, असं माझं मत आहे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी फवारणी करावीच लागते, तेव्हा बागेत चिकट काळी माती असते. टू व्हील तिथे घसरतो आणि बोदावर चढतो. मुरमाड, सपाट डाळिंबाला मात्र तो पुरतो, आणि उरलेल्या पैशांत चांगलं अवजार येतं.

फोर व्हील असेल तर टणक रस्त्यावर तो बंद ठेवा. पुढचे-मागचे टायर झिजल्यावर फक्त एकाच जोडीचं माप बदलू नका, पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांचं प्रमाण बिघडतं आणि भार गिअरवर येतो.

रुंदीसाठी माझा नियम असा: ट्रॅक्टर, ब्लोअर, रोटर यांपैकी सर्वांत रुंद जे असेल त्याच्या दोन्ही बाजूंना फुटींपासून किमान नऊ इंच मोकळे राहिले पाहिजेत. टप्पा १ मधला छातीच्या उंचीचा आकडा इथे लावा.

## टप्पा ६: जोडणी जुळते का

दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन वस्तू एकमेकींना बसतातच असं नाही. लहान ट्रॅक्टरची तीन टोकांची जोडणी कॅटेगरी १ किंवा अरुंद १ एन असते. कॅटेगरी १ मध्ये खालच्या आर्मची पिन २२ मिलिमीटर आणि टॉप लिंकची (वरच्या मधल्या जोडाची) १९ मिलिमीटर. दोन्हींत फरक आर्ममधल्या अंतराचा. ट्रॅक्टर १ एन आणि रोटर कॅटेगरी १ चा असेल तर पिन फिरवून, वॉशर घालून जुगाड होतं, पण अवजार डावी-उजवीकडे डुलतं.

पीटीओच्या दांड्याची लांबी हा दुसरा घोळ. नवा दांडा बहुतेक वेळा लांब असतो आणि कापून घ्यावा लागतो. क्रम असा ठेवा:

१. अवजार जोडा, दांडा न लावता लिफ्ट पूर्ण खाली, मग पूर्ण वर करून बघा. दोन्ही टोकं सर्वांत जवळ कधी येतात ती जागा शोधा.
२. त्या जागी दांड्याचे दोन्ही अर्धे शेजारी धरून खूण करा. एकत्र सरकल्यावर आत इंच-दीड इंच मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर वळताना दांडा गिअरबॉक्सला ठोसा देतो.
३. आतली, बाहेरची नळी आणि त्यांवरची प्लास्टिकची कव्हरं सारखीच कापा. कानसीने कडा घासा, ग्रीस लावा.
४. सर्वांत लांब जागेवरही नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत अडकलेल्या हव्यात.
५. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आहेत का बघा. आडवे-उभे बसले तर ब्लोअर थरथरतो आणि दांड्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात.

> सावध: कव्हर नसलेला दांडा फिरवू नका. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. उपरणं, पदर, ओढणी, रेनकोटची नाडी अडकली तर ओढून घ्यायला वेळ मिळत नाही. नोझल साफ करायचं असेल तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात.

डंपिंग ट्रॉली घ्यायची असेल तर हायड्रोलिकचा बाहेरचा वॉल्व आहे का ते विचारा. सगळ्या मिनी ट्रॅक्टरना तो कंपनीकडून येत नाही, नंतर बसवायचा खर्च वेगळा.

## टप्पा ७: आता शोरूम, आणि चाचणी तुमच्याच बागेत

इथपर्यंत आलात की हातात एक पान असतं: रुंदी, उंची, वळण, पीटीओची एचपी, भरलेल्या अवजाराचं वजन, जोडणीची कॅटेगरी. ते पान टेबलावर ठेवा आणि त्यात बसणारी मॉडेल्स मागा. बहुतेक वेळा दोन-तीनच उरतात. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. त्या मॉडेलचा तिथला चाचणी अहवाल असेल तर मागा. पीटीओवर मोजलेली ताकद, लिफ्ट आणि डिझेलचा खर्च त्यात असतो.

डेमो रिकाम्या टाकीने आणि रस्त्यावर दिला जातो. तो घेऊ नका. टाकी भरून, सर्वांत अरुंद ओळीत, ठिबकने भिजलेल्या रानात चालवायला सांगा. सलग दहा ओळी फिरा. रोज ट्रॅक्टर चालवणारा माणूस दुसरा असेल तर त्यालाच बसवा. पाय क्लचपर्यंत नीट पोचतो का, मागे वळून नोझल दिसतात का, हे तोच सांगेल.

## टप्पा ८: कागद, याच क्रमाने

अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असलं की अर्ज तिथेच संपतो. ‘बिल नंतरच्या तारखेचं देतो’ असं कुणी म्हणालं तरी त्यात पडू नका. सातबारा, आठ-अ आणि शेतकरी ओळखपत्रावरचं नाव एकसारखं आहे का ते आधी तपासा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी ९ ते १८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरची समाजकल्याण विभागाची योजना वेगळी आहे. गटात बसत असाल तर तिथे आधी चौकशी करा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. कोटेशन जुन्या फाइलमधलं नाही ना, बघून घ्या. ट्रॅक्टर आणि प्रत्येक अवजाराचं बिल वेगळं आणि त्यावर अनुक्रमांक हवा. ट्रॉलीची नोंदणीही वेगळी होते.

## टप्पा ९: पहिले ५० तास

पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या चाकांचे नट पुन्हा आवळा. नवी रिम बसली की ते हमखास सैल होतात. पहिल्या ५० तासांत रोटर पूर्ण खोलीवर लावू नका, आणि तासन्‌तास एकाच रेसवर रिकामाही ठेवू नका. पुस्तिकेत लिहिलेली पहिली सर्व्हिस तारखेवर नाही, तासांवर करा. फळछाटणीच्या धावपळीत ५० तास दहा-बारा दिवसांतच भरतात, आणि गॅरेजवाल्याला फोन करायचं नेमकं तेव्हाच राहतं. मीटरशेजारी खडूने ‘५०’ लिहून ठेवा.